चौथ्या चाकाची हवा

दत्ता, तुझ्या घरातली सगळी माणसं मला मिस्त्री समजतात. यात निम्मा दोष तुझा आणि निम्मा माझ्या तोंडाचा. लग्न असो, बारसं असो, पंगतीत शेजारी बसेल त्याला मी सांगत आलो, की कर्जत-खालापूर रस्त्यावर जी जीप सवारी घेऊन धावते, तिच्या ब्रेकचं काम मी आणि माझा मेहुणा दरसाल घरीच करतो, गॅरेजची पायरी चढत नाही. 'मी आणि माझा मेहुणा.' क्रम लक्षात घे. तू समोरच्या पानावर बसून बुंदी खात हे ऐकायचास आणि एकदाही म्हणाला नाहीस, की भावजी, तुमी तर नुसतं पेडल दाबून बसता.

मग मी तसं म्हटलं तर कुणाला पटणार? तू गेलास. जीप अंगणात तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी राहिली. आणि सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं.

तेराव्याची पानं उठल्यावर मामा ओटीवर बसले होते. तुझ्या बाबांना मी पहिल्यापासून मामा म्हणत आलो, पण त्या दिवशी त्यांच्याकडं बघून हाक मारायचंही धाडस होईना. तेच आपणहून बोलले. "खोपोलीचं एक गिऱ्हाईक हाय. उद्या सांजच्याला मानसं घेऊन येतो म्हनतोय, वडून नेईल. गाडी चालत आसंल तर ठेवा. नाय चालत तर जाऊ दे. दारात मढं नको मला."

आतून सुमन म्हणाली, "गाडी जायाची नाय."

तुझी बायको मामांसमोर इतक्या मोठ्यानं बोललेली मी प्रथमच ऐकली. दाराच्या आडच उभी होती, पण आवाज ओटीभर आला. "माजा भाऊ पांडू चालवील. त्याच्याकडं लायसन हाय. मला दुसरं काय हाय सांगा? आनि ब्रेकचं एकच तर चाक ऱ्हायलंय. भावजी हायेत की."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला संकटात मिशीवरून हात फिरवायची सवय आहे, तसा फिरवला. त्यांना वाटलं, जावईबापूंनी काम अंगावर घेतलं.

"खोपोलीहून एखादा मेकॅनिक आणू," मी जरा वेळानं म्हणून पाहिलं.

"नको," सुमन म्हणाली. "त्यांनी कदी परक्याचा पाना लावू दिला नाय. तुमी तर घरचं. एवढी वर्सं करताय."

तुझी बहीण, म्हणजे माझी मालू, हिला खरं काय ते थोडंफार ठाऊक होतं. ती माझ्याकडं न बघता पत्रावळी गोळा करत राहिली.

तुला सांगायला नको, पण पंगतीत सांगायचो तसं एकदा सांगू दे. तेवढंच मला येतं. ब्रेकचं तेल पेडलपासून बारीक नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातं. त्यात हवा शिरली, की पाय मऊ उशीत गेल्यासारखा आत जातो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली. वरच्यानं पेडल चारपाचदा मारायचं आणि दाबून धरायचं. खालच्यानं चाकामागचं निपल पान्यानं थोडं सैल करायचं. रबरी नळीतून जुनं काळं तेल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत पडतात, आणि वरच्याचा पाय हळूहळू तळाला जातो. खालच्यानं निपल आवळायचं. मगच वरच्यानं पाय सोडायचा. आधी सोडला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं पाण्यात. वरच्याला खालचा दिसत नाही, म्हणून सगळा व्यवहार आवाजावर. मारा. धरा. सोडा.

वर मी आणि खाली तू, हे कुणी ठरवलं होतं? मामांनी. तू ती जुनी मिलिटरीची जीप लिलावातून आणलीस, त्या पहिल्या उन्हाळ्यात मी उत्साहानं बाह्या वर करून गाडीखाली शिरायला वाकलो होतो. मामा ओटीवरून कडाडले, "दत्त्या! माज्या जावयाची पाठ या घरच्या मातीला लागायची नाय!" मग तू हसत हसत मला ड्रायव्हरच्या गादीवर बसवलंस. गादीवर घरातली ठेवणीतली सतरंजी अंथरली गेली. पेडल मारताना मला चहा आला, कपबशीत. एका हातात बशी, दुसऱ्या हातात कप, आणि पाय पेडलवर. असा मिस्त्री आख्ख्या खालापूर तालुक्यात दुसरा झाला नसेल.

तेव्हापासून तेच वळण पडलं. पाऊस लागायच्या आधीचा एखादा रविवार बघून तू रसायनीला निरोप धाडायचास, "भावजींना म्हनावं, तेल बदलायचंय." मी कारखान्यात कारकून, टेबलावर कोणता कागद कुठं आहे ते मला शनिवारी सापडत नसे, पण रविवारी मी निघताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं मालूला म्हणायचो, "चल, जीपचं काम आहे, माझ्याशिवाय अडलंय." ते मला फार गोड लागायचं, दत्ता. सासुरवाडीला गेलेल्या जावयाला काय काम असतं? खुर्ची देतात. पंखा नसला तर विंझणा देतात. माणूस देव्हाऱ्यातल्यासारखा बसून राहतो आणि जेवणाची वाट बघतो. तू मला काम दिलंस. आणि मामांचा जावई मामांच्याच अंगणात, गादीवरून न उतरता, कामाला लागला. हे तू मुद्दाम केलंस की तुला सुचलंच तसं, ते विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "पाय चांगला वजनदार हाय तुमचा, म्हनून."

आपली भांडणं कसली, तर तेलाची. दरसाल सगळं जुनं तेल काढून टाकायचं आणि नवं भरायचं, हा तुझा हट्ट. माझं म्हणणं, कमी झालंय तेवढं वरून घालावं. आणि काढलंच, तर फेकू नये. "मालू चकलीचं तेल गाळून ठेवते, त्यानं पुढं महिनाभर पोळ्या होतात," मी म्हणालो होतो. तू गाडीखालून इतका हसलास की पाना तोंडावर पडला आणि ओठ फुटला. रक्त पुसत म्हणालास, "मग पुढच्या वर्सी चकल्याच घालू ब्रेकात." मी अजूनही माझं म्हणणं सोडलेलं नाही. तूही सोडलं नसणार.

दुसरं भांडण जुनं आणि खरं होतं. तुला कारखान्यात चिकटवायचं, हे मी मनावर घेतलं होतं. त्या शेवटच्या रविवारी तीन चाकं झाली होती. तू चौथ्याकडं आलास, म्हणजे उजव्या हाताच्या पुढच्या चाकाकडं. ते माझ्या गादीच्या अगदी जवळ. तुझा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, आता हा हातभर अंतरावर आहे आणि गाडीखालून पळू शकत नाही; बोलून घ्यावं.

"दत्ता, आमच्याकडं ड्रायव्हरची जागा निघतेय. साहेबांकडं शब्द टाकतो."

"तुमच्याकडं सकाळी सही करून आत जातात, सांजच्याला सही करून भायेर येतात," तू खालून म्हणालास. "माज्या गाडीत कोन सही नाय करत. चढतात, बोलतात, उतरतात."

"बोलण्यानं पोट भरतं का?"

"तुमचं भरतं की, भावजी."

मी हसलो नाही. मला लागलं होतं. "उत्तर दे नीट," मी म्हणालो.

"मारा," तू म्हणालास.

मी मारलं.

"धरा."

मी धरलं. पाय सावकाश तळाला गेला. आणि मी पुढं सुरू केलं. क्वार्टर मिळेल. सुमनला घरात नळाचं पाणी येईल. आजारी पडलास तर दवाखाना आहे. तू काही बोलला नाहीस. रागावलास की तू अबोला धरायचास, हे आख्ख्या घराला ठाऊक, म्हणून मीही हट्टाला पेटलो. प्रॉव्हिडंट फंड म्हणजे काय, ते मी तुला पहिल्यापासून नीट समजावून सांगायला घेतलं. तू किती घालायचे, कंपनी किती घालते. पाय भरून आला. पिंढरी थरथरायला लागली. तू 'सोडा' म्हणत नव्हतास. मी मनात म्हटलं, शिक्षा देतोय लेकाचा, दे. मी काही आधी सोडणार नाही.

दत्ता, मी पेडल दाबून बसलो होतो आणि एका गेलेल्या माणसाला प्रॉव्हिडंट फंड सांगत होतो.

कर्जतहून आलेले डॉक्टर म्हणाले, छातीतच झालं, क्षणात, त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. तुमच्या हातात काही नव्हतं, असंही म्हणाले. माझ्या हातात काहीच नव्हतं, हे खरंच. जे काही होतं ते पायात होतं. मी शेवटी हाक मारली, दुसरी मारली, आणि पाय उचलून खाली उडी टाकली. निपल उघडंच होतं. तुझ्या हातात पाना होता. पाय उचलला त्यासरशी जी हवा नळीत शिरली असेल, ती तेव्हापासून आत होती.

तर ती हवा काढायला मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात आलो. कुणी उठून बघायच्या आत एकट्यानं उरकावं, असा बेत. कारण दुसरं माणूस बोलवायचं, तर त्याला वर बसवून मी खाली जायला हवं, आणि खाली काय करायचं ते मी आजवर पाहिलेलंच नव्हतं. मला ऐकून ठाऊक होतं फक्त. पाना डावीकडं फिरवायचा की उजवीकडं, इथपासून.

मी कुंपणातला एक बांबू काढला. एक टोक पेडलवर, दुसरं गादीच्या पाठीला रेटून अडकवलं. पेडल खाली बसलं. मी धावत चाकाकडं गेलो आणि वाकतोय तोवर बांबू सटकला आणि हॉर्नवर आदळला. कोंबड्या उडाल्या. दुसऱ्यांदा बांबूखाली पाटा ठेवला. या खेपेला तो टिकला. मी निपलला पाना लावला, जोर केला, आणि पाना घसरून बोटाची साल निघाली. तिसऱ्यांदा काय करायचं ते ठरवत मी चाकाशी उकिडवा बसलो होतो, बोट तोंडात घालून. मान वर केली तर सुमन उभी.

दिवस झाले असले, तरी तिनं इतक्यात अंगणात येणं गावाला रुचणारं नव्हतं. तिनं बांबू बघितला. पाटा बघितला. माझं बोट बघितलं.

"तुमाला येत नाय ना, भावजी?"

खोटं बोलावं तर तोंडात बोट होतं. मी मान हलवली.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "तेच सांगायचे मला. आमचं भावजी वर बसलं की मला खाली करमतं, असं म्हनायचे." ती बांबू काढून कुंपणाला टेकवून आली. "सरा. मी बसते वर."

"तुला जमेल?"

"सैपाकघरात बसून दरसाल ऐकलंय. मारा, धरा, सोडा. पाठ हाय मला."

ती गादीवर चढली. त्या गाडीत ती आजवर मागंच बसत आली होती, माहेरी जाताना, मांडीवर पिशवी घेऊन. ड्रायव्हरच्या जागेवर बसल्यावर तिनं पदर खोचला आणि स्टिअरिंगला हात लावला, मग हात काढून घेतला.

मी खाली बसलो आणि ओटीकडं बघितलं. मामा केव्हाचे येऊन बसले होते. त्यांचं माझ्याकडं लक्ष होतं. आता कडाडतील, म्हणून मी थांबलो. खरं सांगू, मला ते हवं होतं. त्यांनी एकदा म्हणावं, जावयाची पाठ मातीला लागायची नाय, आणि मी सुटावं.

मामा म्हणाले, "सुमन, गोनपाट टाक गं त्यांच्याखाली. खडं टोचतील."

आणि तोंड फिरवून बसले.

सुमननं उतरून गोणपाट टाकलं आणि पुन्हा वर चढली. असा मी तुझ्या जागेवर गेलो, दत्ता. तिथं तेलाचा वास होता, आणि ओल्या मातीचा, आणि तुझ्या विडीचा. चाकाकडं हात नेताना मी मान तिरपी केली आणि मला गाडीच्या पोटातून खाली आलेला पेडलचा दांडा दिसला. सुमननं वर पाय ठेवला तसा तो हलला. दाबला तसा खाली आला. स्वच्छ दिसत होता, हातभर अंतरावर.

म्हणजे तुला सगळं दिसत होतं. मी पेडल मारतोय की चहा पितोय, धरलंय की नाही, सगळं. आणि तरी दर वेळी तू विचारायचास, "धरलंत का, भावजी?" आणि मी तोफखान्याच्या सुभेदारासारखा ओरडायचो, "धरलं!" इतकी वर्षं. तुला माझं उत्तर लागतच नव्हतं.

मी जरा वेळ तसाच पडून राहिलो. बोट ठणकत होतं, असं म्हणू.

"भावजी?"

"मार," मी म्हणालो. "मार, सुमन. चारपाच वेळा."

दांडा वरखाली झाला.

"धर."

"धरला."

पाना डावीकडं. निपल सैल झालं, नळी फुरफुरली, बाटलीत बुडबुडेच बुडबुडे आले. माझ्या पायानं घेतलेली हवा. दांडा खाली गेला, मी आवळलं. "सोड." मास्टरमध्ये, म्हणजे ब्रेकतेलाच्या वरच्या डबीत, तेल घालायला मालू आपण होऊन आली, तिला मी हाकही मारली नव्हती. पुन्हा मार, पुन्हा धर. मध्येच एकदा मी आवळायच्या आधी 'सोड' म्हणून बसलो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. सुमन वरून म्हणाली, "ते असं कदी चुकले नायत." मी म्हणालो, "त्याच्या वर माझ्यासारखा माणूस होता." ती हसली. हसली, दत्ता. एकदाच, नाकातून, पण मी ऐकलं.

मग बुडबुडे विरळ झाले. मग एखादाच. मग नुसतं तेल, नवं, चहाच्या पहिल्या पाण्यासारखं. मी निपल आवळलं, हवं त्यापेक्षा जास्त आवळलं, आणि म्हणालो, "आता मारून बघ."

"आत जात नाय, भावजी." तिचा आवाज बदलला होता. "घट लागतंय. दगुड हाय जसा."

"धर तसंच. कुठं गळतंय का बघतो."

मी बोट फिरवलं. कोरडं. नळीच्या सांध्यावर फिरवलं. कोरडं. ओटीवरून मामांनी विचारलं, "काय झालं?" मालू म्हणाली, "ब्रेक लागला, बाबा." मग मामांच्या काठीचा आवाज आला आणि ते कुणाला तरी सांगत होते, की खोपोलीला जानारं कोन आसंल तर त्या मानसाला म्हनावं, येऊ नको.

"सोड, सुमन," मी म्हणालो.

दांडा हलला नाही.

"सुमन, सोड आता."

वरून काही नाही. मी कोपरावर उठायला गेलो आणि कपाळ गाडीच्या पोटावर आपटलं. "सुमन!"

"हाय मी."

"मग सोड की. झालं काम."

"सगळं झालं?"

"सगळं."

"त्यांनी काडलेलं काम हेच ऱ्हायलं हुतं ना? दुसरं काय आर्धं नाय ना ठेवलं त्यांनी?"

मी आठवून पाहिलं. गवताची गंजी तू रचून गेलास. कौलं फिरवून गेलास. बाजेची सुतळीसुद्धा विणून झाली होती. खोटं एखादं काम सांगावं असं फार वाटलं. पंगतीत मला किती सुचतं. तिथं पडल्या पडल्या एकही सुचलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच होतं."

"मग ऱ्हाऊ द्या जरा," सुमन म्हणाली. "मी धरलंय."

दांडा माझ्या डोळ्यांसमोर खाली दाबलेला होता, तसूभर हलत नव्हता. मालू पलीकडं तेलाचा डबा घेऊन उभी होती, तिचे नुसते पाय दिसत होते. 'सोड' म्हणायचं काम खालच्याचं, हे मला माहीत आहे. मी तोंड उघडलं, दत्ता, आणि मिटलं, आणि गोणपाटावर मान टेकली.